जनगणनेचे सहा आकडे आणि एक सरळ रेषा
(डॅक्स या सूत्रभाषेतून रेषीय समाश्रयणाचा एक पाठ)

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्यभर जे लढे दिले, त्यांत भावनेइतकेच आकड्यांनाही स्थान होते. १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी सायमन कमिशनपुढे मुंबई इलाख्यातील अस्पृश्य वर्गाच्या शिक्षणस्थितीविषयी जे निवेदन ठेवले, ते सारण्यांनी आणि प्रमाणांनी भरलेले आहे. 'आमची मुले शाळेत नाहीत' एवढे सांगून ते थांबले नाहीत. किती नाहीत, कोणत्या टप्प्यावर गळतात आणि इतरांच्या तुलनेत ही दरी केवढी आहे, हे त्यांनी मांडले. आकडे मागणारा आणि आकडे तपासणारा समाज सहजासहजी फसवला जात नाही, हा त्यामागचा धडा आहे.

आज आकडे हाताने मांडण्याची गरज उरलेली नाही. संगणकाच्या खोलीत बसलेला दहावीचा विद्यार्थीही काही क्षणांत शेकडो संख्यांतून रेषा काढू शकतो. परंतु रेषा काढता येणे निराळे आणि तिचे म्हणणे समजणे निराळे. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही आमच्या विद्यार्थ्यांसाठी आणि माजी विद्यार्थ्यांसाठी असा एक पाठ लिहीत आहोत, ज्याचे साधन नवे आहे. पण विषय आपल्या घरातलाच आहे.

१. विषय आणि सामग्री

आपण भारताच्या जनगणनेतील साक्षरतेचे शेकडा प्रमाण घेऊ. प्रथम अनुसूचित जातींचे : १९६१ मध्ये १०.२७, १९७१ मध्ये १४.६७, १९८१ मध्ये २१.३८, १९९१ मध्ये ३७.४१, २००१ मध्ये ५४.६९ आणि २०११ मध्ये ६६.०७.

याच वर्षांचे संपूर्ण लोकसंख्येचे प्रमाण अनुक्रमे असे : २४.०२, २९.४५, ३६.२३, ५२.२१, ६४.८४ आणि ७२.९९.

आणि अनुसूचित जातींतील स्त्रियांचे असे : ३.२९, ६.४४, १०.९३, २३.७६, ४१.९० आणि ५६.४६.

हे अठरा आकडे म्हणजे आपली सामग्री. यापुढे काही करण्याआधी विद्यार्थ्यांनी तिसरी ओळ पुन्हा एकदा सावकाश वाचावी. १९६१ मध्ये अनुसूचित जातींतील शंभर स्त्रियांमागे जेमतेम तीन स्त्रियांना अक्षरओळख होती. आपल्यापैकी अनेकांच्या आज्या उरलेल्या सत्त्याण्णवांत होत्या.

२. समाश्रयण म्हणजे काय?

आलेखाच्या आडव्या अक्षावर वर्षे आणि उभ्या अक्षावर साक्षरतेचे प्रमाण मांडले, तर प्रत्येक गटाचे सहा बिंदू मिळतात. हे बिंदू एका रेषेत नसतात. पण त्यांच्या जवळून जाणारी एक सरळ रेषा काढता येते. अशा रेषा अनंत आहेत. त्यांतील सर्वांत योग्य कोणती? प्रत्येक बिंदूचे रेषेपासूनचे उभे अंतर मोजावे, त्या अंतरांचे वर्ग करावेत आणि या वर्गांची बेरीज जिच्याबाबत सर्वांत कमी येते ती रेषा निवडावी. ही लघुतम वर्गांची रीत फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केली.

रेषेची दोन लक्षणे असतात. एक तिचा चढ, म्हणजे एका वर्षात प्रमाण सरासरी किती वाढले. आणि दुसरा अंतःखंड, म्हणजे आपण जेथून मोजणी सुरू केली तेथे रेषेची उंची किती.

इतिहासाचे अभ्यासक म्हणून एक गोष्ट येथे नोंदविणे आम्हाला आवश्यक वाटते. या रीतीला इंग्रजीत जे नाव पडले, ते फ्रान्सिस गॉल्टन यांच्या १८८६ च्या निबंधावरून. २०५ मातापित्यांच्या जोड्या आणि त्यांची ९२८ प्रौढ अपत्ये यांच्या उंचीचा अभ्यास करून त्यांनी दाखविले की, उंच मातापित्यांची मुले उंच असली तरी सरासरीकडे झुकलेली असतात. सुप्रजननशास्त्र हा विचार व त्याचे नावही याच गॉल्टन यांचे. माणसाची योग्यता जन्मावरून ठरते, असे मानणाऱ्या विचारविश्वातून हे साधन आले. १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणग्रंथात बाबासाहेबांनी सुप्रजननाच्या नावाखाली होणारे जातीचे समर्थन खोडून काढले. साधन कोणाच्या हातून आले यावरून ते टाकून द्यायचे नसते. पण त्याची कुळकथा ठाऊक असावी. जन्मावरून माणसे मोजू पाहणाऱ्यांचे साधन आपण शिक्षणाचा विस्तार मोजण्यासाठी वापरणार आहोत, यातच त्याला दिलेले उत्तर आहे.

३. डॅक्समध्ये मांडणी

डॅक्स ही विदा-विश्लेषणाची सूत्रभाषा मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये एक्सेलच्या पॉवर पिव्हट या जोडणीबरोबर आणली. आज ती प्रामुख्याने पॉवर बीआय या प्रणालीत वापरली जाते. पॉवर बीआयची डेस्कटॉप आवृत्ती विंडोज संगणकावर विनामूल्य घेता येते, म्हणून शाळेच्या संगणक कक्षासाठी ती सोयीची आहे. डॅक्समधील फंक्शनांची आणि व्हेरिएबलांची नावे प्रत्यक्षात रोमन अक्षरांत टंकावी लागतात. येथे आम्ही ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत देत आहोत. सारण्यांची व स्तंभांची नावे मात्र खुशाल मराठीत ठेवावीत, ती चालतात.

'साक्षरता' नावाची एक सारणी करावी. तिच्यात तीन स्तंभ असावेत : गट, वर्ष आणि प्रमाण. तीन गट व सहा वर्षे मिळून अठरा ओळी होतील. त्यानंतर 'अंतर' नावाचा एक गणिती स्तंभ जोडावा :

अंतर = 'साक्षरता'[वर्ष] − १९६१

असे का करायचे? वर्ष जसेच्या तसे घेतले तरी चढ तोच येईल. पण अंतःखंड इसवी सनाच्या शून्यापाशी मोजला जाईल आणि अनुसूचित जातींसाठी तो सुमारे वजा २३२१ असा निरर्थक निघेल. १९६१ ला शून्य मानले की अंतःखंडाला अर्थ प्राप्त होतो : १९६१ मध्ये रेषेची उंची.

आता चढाचे सूत्र 'मेजर' म्हणून लिहावे :

चढ =
व्हार निवड = ऑलसिलेक्टेड('साक्षरता')
व्हार क्षमध्य = ॲव्हरेजएक्स(निवड, 'साक्षरता'[अंतर])
व्हार यमध्य = ॲव्हरेजएक्स(निवड, 'साक्षरता'[प्रमाण])
व्हार वरचा = समएक्स(निवड, ('साक्षरता'[अंतर] − क्षमध्य) * ('साक्षरता'[प्रमाण] − यमध्य))
व्हार खालचा = समएक्स(निवड, ('साक्षरता'[अंतर] − क्षमध्य) ^ २)
रिटर्न डिव्हाइड(वरचा, खालचा)

ओळीमागून ओळ पाहू. 'व्हार' म्हणजे एखाद्या मधल्या उत्तराला नाव देणे. पहिल्या ओळीत कोणत्या ओळींवर गणित करायचे ते ठरविले आहे. पुढच्या दोन ओळींत दोन्ही सरासऱ्या काढल्या. 'समएक्स' हे फंक्शन सारणीच्या प्रत्येक ओळीवर जाते, सांगितलेला गुणाकार करते आणि शेवटी बेरीज देते. 'डिव्हाइड' भागाकार करते आणि छेद शून्य असला तर चूक दाखविण्याऐवजी रिकामी जागा ठेवते.

पहिल्या ओळीतील 'ऑलसिलेक्टेड' कडे विशेष लक्ष द्यावे. कारण विद्यार्थी येथेच अडखळतात. डॅक्समध्ये प्रत्येक मेजर आजूबाजूच्या गाळणीप्रमाणे पुन्हा मोजला जातो. आलेखात १९८१ चा बिंदू काढताना संगणकापुढे केवळ १९८१ ची ओळ असते, आणि एका बिंदूतून चढ कसा निघणार? 'ऑलसिलेक्टेड' आलेखाने लावलेली वर्षाची गाळणी दूर करते. मात्र बाहेर स्लायसरने निवडलेला गट तसाच ठेवते. म्हणून गट नेहमी स्लायसरमधून एकेकच निवडावा. निवडला नाही, तर अठराही ओळी एकत्र होऊन तीन समाजस्थितींची एकच रेषा निघेल आणि संगणक त्याबद्दल काहीही तक्रार करणार नाही.

अंतःखंड काढण्यासाठी शेवटची ओळ बदलावी : यमध्य − चढ * क्षमध्य. एवढे हाताने केल्यावर तयार फंक्शन वापरावे. 'लाइनएस्टएक्स' हे फंक्शन सारणी, उभ्या अक्षाची राशी व आडव्या अक्षाची राशी घेऊन एकाच ओळीची सारणी परत देते. तिच्यात चढ, अंतःखंड, त्यांच्या प्रमाण-त्रुटी, निर्धारण गुणक इत्यादी उत्तरे वेगवेगळ्या स्तंभांत असतात. हवा तो स्तंभ 'मॅक्सएक्स' ने उचलता येतो :

चढ तपासणी = मॅक्सएक्स(लाइनएस्टएक्स(ऑलसिलेक्टेड('साक्षरता'), 'साक्षरता'[प्रमाण], 'साक्षरता'[अंतर]), [स्लोप१])

दोन्ही उत्तरे जुळली पाहिजेत. जुळेपर्यंत पुढे जाऊ नये.

४. उत्तरे

अनुसूचित जातींसाठी हाताने पडताळून पाहू. अंतरे ०, १०, २०, ३०, ४०, ५०. त्यांची सरासरी २५. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज १७५०. प्रमाणांची सरासरी ३४.०८. गुणाकारांची बेरीज २०७५.४५. म्हणून चढ २०७५.४५ ÷ १७५० = १.१८६ आणि अंतःखंड ४.४३. म्हणजे या पन्नास वर्षांत अनुसूचित जातींची साक्षरता दरवर्षी सरासरी सुमारे १.१९ टक्केबिंदूंनी वाढली. संपूर्ण लोकसंख्येसाठी चढ १.०४९ व अंतःखंड २०.४१ येतो. अनुसूचित जातींतील स्त्रियांसाठी चढ १.१०० व अंतःखंड वजा ३.७१.

अनुसूचित जातींच्या रेषेचा निर्धारण गुणक ०.९६ आहे. एकास जवळ असलेला हा गुणक पाहून अनेकजण समाधानाने संगणक बंद करतात. आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, खरा अभ्यास येथून पुढे सुरू होतो.

५. रेषेला विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न अवशेषांचा. प्रत्यक्ष प्रमाणातून रेषेचे प्रमाण वजा केले की अनुक्रमे अधिक ५.८४, वजा १.६२, वजा ६.७७, वजा २.६०, अधिक २.८२ आणि अधिक २.३४ असे अवशेष मिळतात. चिन्हे पाहा : आधी अधिक, मग सलग तीन वजा, मग पुन्हा अधिक. बिंदू रेषेभोवती विखुरलेले नाहीत, ते वाकलेले आहेत. प्रगती सरळ रेषेत झालीच नाही. १९८१ पर्यंत ती मंद होती, नंतर वेगवान झाली. गुणक ०.९६ असूनही रेषेने ही मुख्य ऐतिहासिक घटना झाकून टाकली.

दुसरा प्रश्न रेषेच्या दोन्ही टोकांचा. अनुसूचित जातींची रेषा मागे नेली तर १९५७ मध्ये ती शून्यावर येते आणि १९५१ मध्ये वजा सात टक्क्यांच्या खाली जाते. म्हणजे रेषेच्या मते तेव्हा आपल्यात कोणीही साक्षर नव्हते! प्रत्यक्षात बाबासाहेबांनी १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळविली होती, १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली होती आणि १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालयही सुरू केले होते. स्त्रियांची रेषा तर १९६१ मध्येच शून्याखाली आहे. ज्या तीन स्त्रिया शंभरांत वाचत होत्या, त्यांना ती ओळखतच नाही. सामग्रीच्या सीमेबाहेर रेषा ओढणे म्हणजे पुराव्याशिवाय बोलणे होय.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : मोजणाऱ्याने काय मोजले? येथे गणिताचा विद्यार्थी थांबतो आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुढे यावे लागते. १९६१, १९७१ व १९८१ चे वर घेतलेले आकडे संपूर्ण लोकसंख्येवर काढलेले आहेत. त्यांच्या छेदात मांडीवरची बाळेही आहेत. १९९१ पासूनचे आकडे सात वर्षे व त्याहून मोठ्या व्यक्तींवर काढलेले आहेत. फरक केवढा पडतो? १९८१ चे देशाचे प्रमाण जुन्या रीतीने ३६.२३, तर सात वर्षांवरील लोकसंख्येसाठी ४३.५७. म्हणजे १९८१ ते १९९१ या दशकात दिसणाऱ्या १५.९८ टक्केबिंदूंच्या उडीपैकी ७.३४ ही केवळ छेद बदलल्याची किमया आहे. खरी वाढ ८.६४ ची. अनुसूचित जातींच्या आकड्यांतील १६.०३ ची उडीही अशीच फुगलेली आहे.

आणि दुसरा बदल आपल्या अगदी जवळचा. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्या बांधवांची गणना अनुसूचित जातींत होत नव्हती. १९६१ च्या जनगणनेत देशात सुमारे ३२.५ लाख बौद्ध होते, त्यांपैकी जवळजवळ २७.९ लाख एकट्या महाराष्ट्रात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला. म्हणजे रेषेच्या पहिल्या तीन बिंदूंत आपले आईवडील नाहीत आणि पुढच्या तिन्हींच्या वेळी नियमच बदललेला आहे. ज्या समाजाने धम्मदीक्षेनंतर शिक्षणाची कास विशेष धरली, त्याचे पहिले पाऊल या स्तंभात उमटलेलेच नाही. संगणकाला हे कळत नाही. त्याच्यासाठी सहाही संख्या एकाच स्तंभातल्या, एकाच जातीच्या आहेत.

६. एका मुलीचा प्रश्न

मागे एकदा वर्गात दोन रेषा शेजारीशेजारी काढल्या असता एका विद्यार्थिनीने स्वतःच त्यांचा छेदनबिंदू काढला. दोन्ही चढांतील फरक ०.१३७ आणि अंतःखंडांतील फरक १५.९८, भागाकार सुमारे ११६. तिने उभे राहून विचारले, "सर, १९६१ मध्ये ११६ मिळविले की २०७७. म्हणजे बरोबरीला यायला आम्ही आणखी पन्नासहून अधिक वर्षे थांबायचे का?"

वर्ग शांत झाला. आम्ही तिला खाली बसण्यास सांगितले नाही. आम्ही म्हणालो, "बाळ, त्या वर्षी रेषांची उंची किती येते, तेही काढ." तिने काढले : दोन्ही रेषा १४२ टक्क्यांवर भेटत होत्या. शंभरांत एकशे बेचाळीस माणसे साक्षर! प्रथम ती हसली, मग सारा वर्ग हसला. जी भेट अशक्य जागी होते, तिची तारीखही खोटीच असणार.

त्यानंतर आम्ही रेषा बाजूला ठेवल्या आणि फळ्यावर केवळ दरी लिहिली, म्हणजे संपूर्ण लोकसंख्येचे प्रमाण वजा अनुसूचित जातींचे प्रमाण : १३.७५, १४.७८, १४.८५, १४.८०, १०.१५, ६.९२. दोन्ही आकडे एकाच वर्षी एकाच रीतीने काढलेले असल्यामुळे छेदाच्या बदलाचा परिणाम येथे बराच कमी होतो. आणि गोष्ट स्वच्छ दिसते. १९६१ ते १९९१ या तीस वर्षांत दोन्ही प्रमाणे वाढली, पण दरी तसूभरही कमी झाली नाही; उलट किंचित रुंदावली. नंतरच्या वीस वर्षांत ती निम्म्याहून खाली आली. याच वीस वर्षांच्या वेगाने पुढे गेले, तर दरी २०२८-२९ च्या सुमारास मिटेल. त्याच सामग्रीतून एक सरळ रेषा २०७७ सांगते, दुसरी २०२८. यांपैकी कोणतेही भविष्य आम्ही खरे मानत नाही. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्याने पुढचा बिंदूही आपल्या हाती नाही. पण या दोन उत्तरांतील अंतर विद्यार्थ्यांनी कायम लक्षात ठेवावे. कोणी केवळ एक रेषा दाखवून 'सगळे आपोआप सुधारत आहे' असे म्हणू लागला, तर त्याला विचारावे : कोणत्या वर्षापासून, कोणाला मोजून आणि कोणाला वगळून?

आपोआप काहीच झाले नाही. दरी घटली त्या काळात राष्ट्रीय साक्षरता अभियान, माध्यान्ह भोजन, सर्व शिक्षा अभियान राबविले गेले. वस्त्यावस्त्यांत वसतिगृहे व निवासी शाळा चालविणारे कार्यकर्ते होते. मजुरी करून मुलीला शाळेत ठेवणाऱ्या आया होत्या. यांतील कशाचा वाटा किती, हे वर्ष हा एकच आडवा अक्ष असलेली रेषा सांगू शकत नाही. काळ हे कारण नव्हे. काळात कोणी काय केले, हे कारण.

आणि काम संपलेले नाही. २०११ मध्ये अनुसूचित जातींतील पुरुषांचे प्रमाण ७५.१७ होते, स्त्रियांचे ५६.४६. समाजाच्या आतली ही जवळजवळ एकोणीस टक्केबिंदूंची दरी बाहेरच्या दरीच्या अडीच पटींहून मोठी आहे. हा आकडा दुसऱ्या कोणाला विचारण्याचा नाही, स्वतःला विचारण्याचा आहे.

७. उपसंहार

तथागतांनी कालामांना जो उपदेश केला, त्याचे सार असे की, ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा मोठ्या अधिकाऱ्याने सांगितले आहे, एवढ्यावरून काहीही स्वीकारू नये. स्वतः पारखून घ्यावे. पडद्यावर उमटलेली रेषाही त्याला अपवाद नाही. म्हणून विद्यार्थ्यांसाठी या पाठाचा क्रम आम्ही असा ठेवतो : आधी आकड्याची व्याख्या वाचावी, मग बिंदू डोळ्यांनी पाहावेत, मग सूत्र स्वतः लिहून तयार फंक्शनशी ताडून पाहावे, मग अवशेष तपासावेत आणि सर्वांत शेवटी बोलावे.

त्या विद्यार्थिनीने आपल्या वहीत दरीचे सहा आकडे लिहून त्याखाली सातवी जागा रिकामी सोडली आहे. पुढील जनगणनेचा आकडा आला की ती तो भरणार आहे. तो आकडा ज्यांच्या अभ्यासातून घडणार आहे, ती मुले आज आपल्यासारख्या शाळांच्या वसतिगृहांत सायंकाळची वंदना आटोपून दिव्याखाली वाचत बसली आहेत. त्यांना आमच्या मंगल कामना.

नमो बुद्धाय! जय भीम!